जाळी

मेथी ज्यानं खाल्ली त्याचा हात साफ आहे,
हे मला पहिल्या सकाळीच कळलं.
देठ तिरका कापलेला, पंचेचाळीस अंशांत,
काठाला धस नाही, चुरा नाही.
छत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो.
असा काप बघितला की
माणूस आधी विचारतो, कुणाचा हात?
शिव्या नंतर.

पाचगावच्या माळाला लागून अडीच गुंठे,
फंडाच्या पैशातले.
खडक फोडून वर माती आणून टाकलेली.
मेथी, पोकळा, चार ओळी गाजर
आणि शालनच्या हट्टाची गुलछडी.
खालच्या अंगाला ऊस.
तो मार्गशीर्षात तुटायला लागला,
कोयते खालून वर येत गेले
आणि कोयत्यांच्या पुढं पुढं ससे.

बशीर नाईकवाडी म्हणाला, फासकी लाव.
कायदा आहे, म्हणालो मी.
कायद्यामागं लपायला बरं पडतं.

शालननं कांदा-लसूण चटणी पाण्यात कालवली,
फडक्यानं गाळून वाफ्यावर शिंपडली.
सकाळी वाफा चाटूनपुसून साफ.
"शेवटी कोल्हापूरचीच की ती,"
म्हणाली, आणि हसत पातेलं घासायला बसली.

मग गंगावेशीतल्या सलूनमधून पोतंभर केस.
माणसाचा वास आला की ससा फिरकत नाही म्हणे.
तालमीतली पोरं तिथंच डोकी करतात,
म्हणजे निम्मे केस पैलवानांचे.
कडेनं पसरले, उरले ते गुलछडीच्या बुडात ओतले.
दोन रात्री शांत गेल्या.
तिसऱ्या रात्री गाजराचा पाला गेला.
पुढं आठवडाभर रोज काही ना काही.

तेव्हा जाळी.
एक इंची, गॅल्व्हनाइज्ड,
फूटभर जमिनीत, तळाशी बाहेर वळवलेली,
अडीच फूट वर.
कोपऱ्यांचे अँगल भाच्यानं वेल्ड करून दिले.
लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा मधोमध.
कामावर असतो तर साहेबांनी न बघता सही केली असती.

संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला
आणि ती आली. बाहेरच्या अंगाला.
उभे कान, एकाची कड फाटलेली.
मला बघून पळाली नाही.
जाळीच्या कडेकडेनं फिरली, दोनदा, तीनदा,
एका जागी माती उकरली, थांबली,
परत फिरली.
मेथीकडं तिचं लक्षच नव्हतं.
हे माझ्या डोक्यात शिरायला
दुसरी सकाळ उजाडली.

गुलछडीच्या बुडात, पैलवानांच्या केसांत,
मुठीएवढं काहीतरी.
डोळे उघडे. हलत नाही.
शालन म्हणाली, हात लावू नका.
म्हणालो, लावत नाही.
आणि आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो,
चहा गार होईपर्यंत.

मग कातर आणली.
पाच बाय सहा इंच, खालच्या कोपऱ्यात.
नवी जाळी कापताना हात जड झाला,
खोटं कशाला बोलू.
तारेची टोकं एकेक करून मागं वळवली,
पक्कडीनं दाबली, बोट फिरवून पाहिलं.
धस लागू नये कुणाला.

अंधार पडल्यावर आत गेली ती.
पाच मिनिटं असेल, जास्त नाही.
आम्ही मोटरच्या खोलीत, दिवा बंद करून.
शालननं माझं मनगट धरलेलं,
का ते तिलाही माहीत नसावं.
सकाळी बघितलं तर
जाता जाता मेथीचे चार देठ.
तिरके.

आता पिल्लू गेलंय. केव्हा गेलं, कळलं नाही.
केसांत खळगा तेवढा राहिलाय.
भोकाला झडप बसवायची म्हणून
बिजागरी आणून ठेवली आहे,
पितळी, दीड इंची, खिळ्यांच्या डब्यात.
बशीर येता-जाता विचारतो, बसवली का?
मापाचे स्क्रू मिळंना झालेत, सांगतो मी,
उद्यमनगरात छत्तीस वर्षं काढलेला माणूस.